सगळ्यांका जंत!

चार जुनी माणसं भेटली की आमच्या मिठबावकडच्या दवाखान्याचे किस्से निघतात, आणि एक संपायच्या आत दुसरा मध्ये घुसतोच!

मी तिथे नर्स, बाबलकाका कंपाउंडर. बाहेर बाकावर बसलेल्यांना स्वतःच्या औषधापेक्षा दुसऱ्याच्या रोगाची घाई. "आत गेलो तेका काय झाला?" काकांचं उत्तर ठरलेलं, "जंत!"

*

एकदा माडावरून पडलेल्या एकाला, पायाला फळ्या बांधून, झोळीतून बाहेर आणलं. बाकावरून प्रश्न आलाच.

"जंत!"

"अरे, पाय मोडलो मा तेचो?"

"दिसता मा? मगे माका कित्याक इचारतंस?"

*

डॉक्टरही तसेच. जेवताना बायकोने विचारलं, "खोताची सून का आली होती हो?"

"जंत."

बाई भडकल्या, "सगळ्या गावाला जंत, आणि तुम्ही हात न धुता पानावर बसलात?"

*

वाडीतल्या कुसुमला क्षय झाला. तेव्हा नुसतं नाव कळलं तरी लोक त्या घरचं पाणी पीत नसत, लग्न तर सोडाच! तिला घरी जाऊन इंजेक्शन द्यायचं. पण मी एकाच घरात शिरले तर वाडीला कळणार. म्हणून मी प्रत्येक घरात बसायची. चहा पिऊन पिऊन पित्त झालं हो!

शेजारची म्हातारी एक दिवस रुसली, "टोचतंस कोणाक ता सांगू नको. पण आज माका पण टोच!"

*

कुसुम ठणठणीत बरी झाली आणि तळेरे गावचं स्थळ आलं. मुलाला तिने स्वतःच सगळं सांगितलं. तो कबूल! पण त्याची आई चौकशीला थेट दवाखान्यात हजर. आता मोडतंय लग्न!

"त्या कुसुमक काय झाला होता?"

"जंत," काका म्हणाले.

"माका फसवू नको! इतके महिने कोणाक जंत आसतत?"

काकांनी हातातली बाटली खाली ठेवली. "वयनी, तुमी स्वता तळेऱ्यासून हयसर औषधाक इल्यात, आठवता? तुमच्या गाववाल्यांनी माका यस्टीत धरल्यानी, हिका काय झाला म्हणान."

तिचा चेहरा उतरला. "मगे? काय सांगलंस?"

"जंत."

ती उठली आणि निघून गेली. आमचा जीव टांगणीला!

लग्न झालं. आम्ही पंगतीत बसलो होतो. पलीकडून कोणीतरी सासूबाईंच्या कानाला लागलं, "सून आजारी होती म्हणतत. काय झाला होता गो तिका?"

सासूबाई भात वाढता वाढता म्हणाल्या, "जंत!"