फाकलेल्या पायांचं पिल्लू

आमच्याकडच्या राजहंसाच्या मादीला कुत्र्याने मारलं, तेव्हा ती चार अंड्यांवर बसलेली होती. ती अंडी मी थर्माकोलच्या खोक्यात बल्बच्या उबेला ठेवली आणि जवळजवळ महिनाभर हाताने फिरवत राहिलो. त्यातून दोनच पिल्लं बाहेर आली. एक संध्याकाळपर्यंत पायांवर उभं राहू लागलं. दुसऱ्याचे पाय दोन्ही बाजूंना फाकलेले होते आणि ते पोटावरच पडून होतं.

"हे ठेवू नका," शेजारी कोंबड्या पाळणारे भाऊसाहेब म्हणाले. "हाल होतील त्याचे."

ते कठोर नव्हते. अशी पिल्लं त्यांनी बरीच पाहिली होती.

"पाच दिवस तरी देऊ त्याला," माझी बायको म्हणाली. तिने चिकटपट्टीची अरुंद पट्टी कापली, दोन्ही पाय पोटाखाली आणून सैलसर बांधले आणि खाली खरखरीत गोणपाट अंथरलं.

मी बघत बसायचो. पिल्लू उठायचं, कोलमडायचं, पुन्हा उठायचं. आपण चुकीचे जन्मलो हे त्याला ठाऊक नव्हतं. व्यंग हा शब्द आमचा होता, शेजारी दुसरं पिल्लू उभं होतं म्हणून सुचलेला. त्याच्यापुरतं जगच जरा निसरडं होतं, इतकंच.

पाचव्या दिवशी पट्टी सोडली. एक पाय सरळ झाला होता, दुसरा थोडा बाहेरच राहिला. भाऊसाहेब पाहायला आले. पिल्लू लंगडत त्यांच्याजवळ गेलं आणि त्यांच्या चपलेचा अंगठा चोचीने ओढू लागलं. भाऊसाहेब कितीतरी वेळ पाय न हलवता तसेच उभे राहिले.