दहा मिनिटांत तुटणारी लाइन

वसईत केबलवरून इंटरनेट नुकतं यायला लागलं होतं, तेव्हा मी एका केबलवाल्याच्या ऑफिसात नोकरीला लागले. मालक मूळचे वाडीवाले, म्हणजे केळीच्या बागा असलेल्या घरातले. केळीच्या बागेवरून वायर न्यायची असली की ते आधी स्वतः जाऊन बागवाल्याशी बोलून यायचे. कॉम्प्युटरचं मात्र सगळं माझ्यावर सोडलेलं. "सर्व्हर तुझा," म्हणायचे. सर्व्हर म्हणजे टेबलाखालचा एक जुना पीसी. सगळ्या गिऱ्हाइकांचं इंटरनेट त्यातूनच जायचं. कोणाला जोडायचं, किती वेळ ठेवायचं, हे एका साध्या फाइलमध्ये ओळीओळीने लिहिलेलं असे. ती फाइल मी पुस्तकातल्या नमुन्यावरून उतरवली होती. खरं सांगायचं तर त्यातल्या निम्म्या ओळी मला कळलेल्या नव्हत्या.

जवळच्या पापडी गावातले एक काका रोज फोन करायचे. मुंबईतल्या सरकारी नोकरीतून रिटायर झालेले, मूळचे कोकणातले. "मॅडम, आजही गेली तुमची लाइन. साडेतीनच्या आसपास."

वायरमनने दोनदा जाऊन जोड बदलले. वायर ठीक होती. मग मी लॉगकडे वळले. सर्व्हर काय काय करतो ते तो स्वतःच एका फाइलमध्ये लिहून ठेवतो, तो लॉग. किती लिहायचं ते एका आकड्यावर ठरे. एक ठेवला तर फक्त चुका, नऊ ठेवला तर बारीकसारीक सगळं. डिस्क लहान म्हणून मी एक ठेवला होता. तो नऊ केला आणि तीन दिवस थांबले.

मग काकांच्या ओळी वेगळ्या काढून वाचल्या. तीन वाजून बारा मिनिटांनी मेलचं पान उघडलं. पुढे काहीच नाही. तीन बावीसला सर्व्हरने लाइन तोडली. कारण, दहा मिनिटं हालचाल नाही. मिनिटं थोडी इकडेतिकडे, पण तिन्ही दिवस हेच.

दहा मिनिटांची ती ओळ मीच लिहिली होती. नमुन्यात होती म्हणून.

पण काका तेवढा वेळ करत काय होते? दुसऱ्या दिवशी दुपारी पापडीला गेले. काका चष्मा कपाळावर सरकवून, एका बोटाने, एकेक अक्षर शोधत अमेरिकेतल्या मुलीला पत्र टाइप करत होते. रोमन अक्षरांत मराठी. टाइप करताना सर्व्हरपर्यंत काहीच पोचत नाही, त्याला वाटे माणूस उठून गेला. पत्र पुरं झाल्यावर बटण दाबलं आणि पान कोरं झालं.

"गेलं बघ," ते म्हणाले. "उद्या परत लिहीन. पण पहिल्यासारखं जमत नाही गं."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "काका, चूक माझीच आहे. मी दुरुस्त करते," मी म्हटलं. आणि आपल्याला सगळं कळलंय हे दाखवायच्या भरात पुढे बोलून गेले, "तुम्ही परवा मेलच्या आधी हृदयाच्या ऑपरेशनचं पान वाचत होतात ना, तेव्हा लाइन नीट चालू होती."

काकांनी स्वयंपाकघराकडे पाहिलं. आत काकू चहा करत होत्या.

"तुला तिथे बसून हे दिसतं?" त्यांनी हळू आवाजात विचारलं.

मी मान खाली घातली. "लाइन का तुटते ते शोधायला ती नोंद चालू केली होती."

"अजून काही ठरलेलं नाही. तपासणी व्हायचीय. हिला बोलू नकोस."

चहा आला, तो मी कसाबसा प्यायले आणि निघाले.

ऑफिसात पोचल्या पोचल्या दहाचे साठ केले. मग लॉगचा आकडा खाली आणला आणि पुस्तकातून उतरवलेली ती सगळी फाइल नीट वाचली, प्रत्येक ओळ कळेपर्यंत. कोण कोणतं पान उघडतं ती नोंद बंद केली; जोडल्याची आणि सोडल्याची वेळ तेवढी ठेवली. त्या तीन दिवसांचा लॉग पुसला. त्यात काकांबरोबर बाकीची सगळी घरंही होती.

मालकांना सांगितलं. ते म्हणाले, "तास तास लाइन अडवून बसले तर बाकीच्यांना पुरेल का?"

"नाही पुरली तर बघू. पत्रं जातायत लोकांची."

मग ते म्हणाले, "बरं. आणि ते पुसलंस ते चांगलं केलंस."

पंधराएक दिवसांनी काकांचा फोन आला. पत्र गेलं होतं, मुलीचं उत्तरही आलं होतं. तपासणीत घाबरण्यासारखं काही निघालं नाही, आणि ते त्यांनी काकूंना सांगून टाकलं होतं.

"आता नाही ना काही दिसत?" त्यांनी विचारलं.

"नाही काका. फक्त कधी आलात आणि कधी गेलात."

"तेवढं चालेल," ते म्हणाले. "तेवढं तर आमच्या समोरच्या बिऱ्हाडालाही दिसतं."