बाईंची विलायती गाणी

"हसलात? आता पहिल्यापासून ऐका."

एवढं बोलून बाई टेपरेकॉर्डरचं बटण खटकन दाबायच्या. कॅसेट किरकिरत मागे जायची आणि ज्याने हसण्याचं धाडस केलं असेल त्याला ते गाणं पूर्ण ऐकावं लागायचं. मधेच सटकायची सोय नव्हती. स्टाफरूमच्या दारापाशी खुर्ची टाकून त्या स्वतःच बसलेल्या असायच्या.

पनवेलच्या एका शाळेत आम्ही बरोबर होतो. त्या इंग्रजी शिकवायच्या, मी इतिहास. काळ नव्वदच्या आसपासचा. बाई जवळच्याच गव्हाण गावच्या, आगरी घरातल्या. त्यांचा मोठा भाऊ मालवाहू बोटीवर फिटर होता. इंग्लंडच्या बंदरांत बोट लागली की तो बहिणीसाठी कॅसेटी आणायचा. सुरुवातीला तिथल्या दुकानदाराने काहीतरी गळ्यात मारलं म्हणून आणल्या. पुढे बाई चिडून पत्रं लिहायला लागल्या, "तसल्याच आण, दुसरं काही आणू नकोस."

तसल्या म्हणजे तिथली जुनी लोकगीतं. नांगरणाऱ्यांची, खलाशांची, घरकाम करणाऱ्या पोरींची. नंतरच्या पोरांनी त्यांना विजेची गिटार आणि दणकट ड्रम लावले होते. "जुनं गाणं बिचकलं का, सर?" बाई मला विचारायच्या. "ताठ उभं आहे बघा. आणि आपल्याकडे माणसाला आपल्या आईची भाषा बोलायची लाज वाटते!"

बाईंचा राग तुम्हाला एकदा तरी अनुभवायला हवा होता. त्यात कसली भेसळ नव्हती. गणिताचे सर म्हणायचे, "गव्हाणची विलायती मेम." मागे म्हणायचे, तसंच तोंडावरही. त्या एका वाक्यात किती विष होतं, ते म्हणणाऱ्याला कळत नव्हतं असं तुम्ही म्हणाल. मला विचाराल तर त्याला चांगलं कळत होतं.

मीही दारापाशी अडकलेल्यांपैकी एक. त्यातलं एक गाणं माझ्या डोक्यात बसलं. बंदरावर एक मुलगी येणाऱ्या प्रत्येक बोटीला आपल्या माणसाबद्दल विचारते. एका कडव्यात ती तरुण आहे, पुढच्यात तिचे केस पिकलेत. मधलं काही सांगतच नाहीत. गाणारी रडत नाही, आवाज चढवत नाही. मग अचानक ड्रम येतो, पाठीत धपाटा बसावा तसा, आणि आपलं आपल्याला कळतं की तो माणूस येणार नाही.

एकदा बाईंची आई शाळेत आली होती. ती धवलारीण, आगऱ्यांच्या लग्नात धवले म्हणजे विधींची गाणी म्हणणारी बाई. हळदीपासून वरातीपर्यंत प्रत्येक विधीला धवला लागतो आणि धवलारीण बसल्याशिवाय लग्नाचं पान हलत नाही. टेपवर तेच गाणं चालू होतं. म्हातारीने डोकं एका बाजूला कलवलं.

"हिचं कोन गेलंय गो?"

"नवरा, आये. दर्यात."

"मंग बरोबर गाते."

बाई त्या दिवशी हसल्या. मी त्यांना इतकं मोकळं हसताना पुन्हा पाहिलं नाही.

त्याच वर्षी त्यांनी स्नेहसंमेलनात धवला बसवला. आठवीच्या मुली, ढोलकी, गावातल्या बँडमधला एक गिटारवाला आणि मधोमध आई. आई रोज एसटीने यायची, मुलींना चाल शिकवायची, गिटारवाल्यालाही दटावायची, "तुजा बाजा माजे मागून येऊं दे. पुढं नको पलू." आठवडाभरात तो गिटारवाला तिच्या मागून चालायला शिकला. तालमीत मुख्याध्यापक येऊन मान डोलावून गेले. हे लक्षात ठेवा.

संमेलनाच्या दिवशी संस्थेचे अध्यक्ष पाहुण्यांना घेऊन पहिल्या रांगेत बसले होते. दुसऱ्या कडव्याला त्यांनी मुख्याध्यापकांच्या कानात काहीतरी सांगितलं. मुख्याध्यापकांनी शिपायाला खूण केली आणि माइक बंद झाला. मुली गप्प झाल्या. गिटार थांबली. म्हातारी मात्र गातच राहिली. आयुष्यभर मांडवात माइकशिवाय गाणारी बाई ती, तिला पत्ताही नव्हता. आवाज मागच्या भिंतीपर्यंत स्वच्छ जात होता.

तेव्हा अध्यक्ष उठले. "ए बाई, बस झालं. उतर खाली. ही शाळा आहे, लग्नाचा मांडव नाही."

लोक हसले. मी ते हसू अजून विसरलेलो नाही. हसणाऱ्यांत गव्हाणचे होते, आपटा गावचेही होते, घरी धवल्याशिवाय ज्यांची हळद लागत नाही असे होते.

म्हातारीने पदर सावरला आणि ती इकडेतिकडे पायरी शोधू लागली.

बाई विंगेतून आल्या. शाळेत कायम पुस्तकी मराठी बोलणाऱ्या बाई अध्यक्षांसमोर उभ्या राहून म्हणाल्या, "माजे आयेला उतर बोलनारा तू कोन रं? तुजे लग्नान कोन गायलेली? तुजी आय का माजी?"

अध्यक्षही आगरीच होते.

सोमवारी बाईंकडे माफी मागितली गेली, म्हणजे त्यांनी अध्यक्षांची मागावी असं सांगण्यात आलं. बाई म्हणाल्या, "आधी माझ्या आईची मागा." आम्ही तिघं शिक्षक मुख्याध्यापकांना भेटलो. मान डोलावणारे ते गृहस्थ टेबलावरची काच पुसत म्हणाले, "प्रश्न शिस्तीचा आहे." मी ओरडलो. टेबलावर हात आपटला. काय उपयोग? आठवडाभरात बाईंनी टेपरेकॉर्डर उचलला आणि त्या गेल्या. पुढच्या संमेलनात सिनेमाच्या गाण्यांवर नाच झाले. अध्यक्षांनी मनापासून टाळ्या वाजवल्या.

काही वर्षांनी एका विद्यार्थिनीच्या लग्नाला गव्हाणला गेलो. आई वारली होती. मांडवात चटईवर नवरीसमोर बाई बसल्या होत्या, केस अर्धे पांढरे झालेले, आणि धवला म्हणत होत्या. आईसारखा गोड गळा नव्हता त्यांचा. जाडाभरडा, चिडका आवाज. पण एका कडव्यात नवरी खेळत होती आणि पुढच्यात ती परकी झाली होती. मधलं त्यांनी काही सांगितलं नाही. मी बूट काढून चटईच्या कडेला बसलो. त्यांनी मला पाहिलं, पण गाणं थांबवलं नाही.

मुलीचा बाप दोनदा येऊन वाकून बोलला, "बाय, आटपा जरा. गाडी उभी हाय."

रस्त्यावरून गाडीवाला हॉर्न देत राहिला. नवरी बाईंच्या मांडीवर डोकं ठेवून रडत होती. बाईंनी एकही कडवं गाळलं नाही.