धाकट्या मामंजींची कागदावरची घरं

सोलापुरात जेवढी घरं उभी आहेत त्याहून जास्त आमच्या धाकट्या मामंजींनी एकट्याने काढली असतील, आणि त्यातल्या एकातही आजवर कुणी राहायला गेलं नाही. धाकटे मामंजी म्हणजे माझ्या सासऱ्यांचे पाठचे भाऊ. सासरे माझ्या लग्नाआधीच गेलेले. मामंजींची बायकोही गेलेली, एकुलती एक मुलगी वैरागला दिलेली. म्हणून ते आमच्या दोन खोल्यांत राहायचे. चादरीच्या कारखान्यात ते नक्षी काढायला होते. चादरीवर मोर विणायचा असला की तो आधी बारीक चौकड्यांच्या कागदावर रंगवायचा, मग त्याबरहुकूम पुठ्ठ्याच्या पट्ट्यांना भोकं पाडायची आणि त्या पट्ट्या मागावर चढवायच्या. दिवसभर मोर काढून कंटाळलेला हा माणूस घरी आला, की हातपाय धुऊन उरल्यासुरल्या चौकडीच्या कागदावर किल्ले काढत बसायचा.

हे किल्ले लढाईसाठी असत. पोरं दिवाळीत करतात आणि भाऊबीजेनंतर मोडतात तसे नव्हेत, मामंजींची लढाई बारा महिने चालायची. फळ्यांच्या पलंगावर तांबे, पातेली, उशा मांडायच्या, वरून हिरवी चादर टाकायची, की झाले डोंगर. त्यावर किल्ला, आणि किल्ल्याभोवती बोटाएवढे मातीचे शिपाई. पण कागदावर काढल्याशिवाय एक भिंत उभी करायची नाही हा त्यांचा नेम. आणि काढायचे ते असले, की बघणाऱ्याने डोक्याला हात लावावा. कणसासारखा बुरूज, ज्याच्या दाण्यादाण्यात एकेक शिपाई बसेल. विहिरीतून वर आलेला वाडा. एक महाल तर सांडशीने धरून उचलल्यासारखा अधांतरी. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, म्हणायच्या, "भावजी, गावात एवढा भुईकोट किल्ला हाय, त्यो बघून काढा की." त्यावर मामंजींना राग यायचा. "हाय ते काढायला मी काय फोटोवाला हाय का, वहिनी? जे कुटंच न्हाय, ते काढायचं."

आधी सगळं मातीचं असायचं. दुष्काळाच्या साली नळाला चिळकांडीभर पाणी येईना, तेव्हा आत्याबाईंनी चिखल कालवायला तांब्याभरसुद्धा पाणी द्यायचं बंद केलं. मामंजी दोन दिवस तोंड पाडून बसले. तिसऱ्या दिवशी कारखान्यातून बाद झालेल्या पुठ्ठ्याच्या पट्ट्या काखेत मारून आले. त्यांना भोकं आधीच पाडलेली. "खिडक्या आयत्याच मिळाल्या की!" म्हणून असे नाचले, जसा काही खरोखरीचा वाडा नावावर झाला. त्या वर्षी आमच्या घरात प्यायचं पाणी मोजून आणि खिडक्या हजार, असा थाट होता.

याच धांदलीत एकदा कारखान्यात न्यायच्या कागदांत किल्ल्याचा कागद गेला. पट्ट्या पाडणाऱ्याने पाडल्या, विणणाऱ्याने विणली. चादर निघाली ती एका टोकाला कणसाचा बुरूज घेऊन, आणि नक्षी उलटून येते म्हणून दुसऱ्या टोकाला तोच बुरूज खाली डोकं वर पाय. मालकाने मामंजींना बोलावून ती अंगावरच टाकली. "मास्तर, ही पांघरून माणूस झोपला तर सकाळी तलवार घिऊन उठंल की ओ!" मामंजी ती चादर घरी घेऊन आले, आणि कितीतरी दिवस येईल त्याला दाखवत होते, "बघा, माझा किल्ला मागानंसुद्धा बांधला."

लढाईला त्यांचा गडी म्हणजे समोरचा टांगेवाला आलमभाई. कवड्या टाकायच्या, जितक्या उताण्या पडतील तितकी बोटं आपली फौज पुढे. आलमभाई बिचारा फार सरळ माणूस, तो थेट भिंतीवर चालून जायचा आणि हरायचा. एक दिवस उठलाच. "मास्तर, मेरे कू खरा घोडा हाय, उसकू दाना देना पडता. तुमारे मट्टी के घोडे तुमीच संभालो."

मग झाली पंचाईत. आमच्यात सून सासऱ्यांशी तोंड उघडून बोलत नाही, पदर पुढे ओढून बाजूला व्हायचं. पण पडद्याआडून भाकरी थापता थापता मला सगळा खेळ पाठ झालेला. मामंजींना ते कसं कळलं कोण जाणे. एके दिवशी भिंतीकडे बघत म्हणाले, "आता आतल्या फौजेनं लढावं." आणि कवड्या उंबऱ्यावर सरकवल्या. माझे हात पिठाचे. मी तशाच टाकल्या. बांगड्या एकदा वाजल्या तर फौज डावीकडे, दोनदा वाजल्या तर उजवीकडे, असं ठरलं, तेही कुणी न बोलता. मी भिंतीवर कधी गेले नाही. मागच्या डोंगराला वळसा घालून तिसऱ्या दिवशी त्यांचा वाडा घेतला. मामंजी खूष. "फौज मुकी हाय, पर मारती बरुबर!" आत्याबाई कडाडल्या, "सुनंसंगं लढाई खेळतं व्हय कुणी?" तर म्हणाले, "मी कुटं खेळतोय? पडदा खेळतोय."

पण माझ्या मनात लढाई नव्हतीच. मला त्यांच्याकडून एक घर काढून घ्यायचं होतं, माझं. ते सगळ्यांना काढून द्यायचे. आत्याबाईंना चाकं लावलेलं देवघर दिलं, आलमभाईला घोड्याच्या पोटातला माळा. प्रत्येकाला आधी विचारायचे, "बोल, कसं पायजे?" आणि त्याने सांगितल्याशिवाय पेन्सिल उचलायचे नाहीत. माझं सगळं ठरलेलं होतं. पण ते बांगड्या वाजवून सांगण्यासारखं नव्हतं, त्याला बोलावं लागलं असतं.

पुढे त्यांच्या डोळ्यांना चौकड्या दिसेनाशा झाल्या. काम सुटलं. मुलगी न्यायला आली. जायच्या दिवशी पिशवी भरून दारात ठेवलेली, आणि मामंजी एक कोरा कागद मांडीवर घेऊन पडद्याकडे तोंड करून बसले. "सूनबाई, तुझं एक घर ऱ्हायलंय. हात अजून चालतोय. आज बोल. वहिनी काय म्हणायच्या न्हाईत." आत्याबाई शेंगा सोलत होत्या. त्या हात थांबवून माझ्याकडे बघत राहिल्या. मी पडदा बाजूला केला. आख्खं घर तोंडात आलं होतं. आणि मी म्हटलं, "चहा ठेवू का?"

चार वर्षांत त्यांच्याशी बोललेलं माझं पहिलं वाक्य. मामंजी हसले. "ठेव की," म्हणाले. चहा बशीत ओतून सावकाश प्यायले. कोरा कागद घडी करून खिशात घातला आणि एसटीला गेले.

यंदा ते वैरागला वारल्याचं कळलं. आमचे हे माती द्यायला जाऊन आले. मी कागदाचं विचारलं नाही, असलं काय विचारणार?

मामंजी, मला बुरूज नको, माडी नको. दोन माणसं समोरासमोर बसतील एवढी एकच खोली काढा, जिच्यात मला तुमच्याशी मोठ्याने भांडता येईल, की त्या शेवटच्या लढाईत कवडी तुम्ही बोटाने उलटवलीत, मी बघितलं. एवढं काढा आधी. बाकीचं सांगते.