बिनमाइकचं पहिलं गाणं

डॉक्टरांनी माझी जीभ कापडाच्या तुकड्यात धरून बाहेर ओढली, घशात छोटा आरसा घातला आणि आत बघत विचारलं, "शिक्षक आहात का?" जीभ त्यांच्या हातात असल्यामुळे मी नुसता हात हलवला. नाही. "भाजीचा गाडा?" नाही. आरसा काढून घेत ते म्हणाले, "मग एवढं ओरडता तरी कुठं?"

"खिडकीत," मी म्हणालो. "सरकारी कार्यालयात. आणि संध्याकाळी गातो. तासभर."

"गाण्यानं एवढं होत नाही. खिडकीनंच खाल्लाय तुमचा आवाज." स्वरतंतूंवर गाठी आल्या होत्या. पंधरा दिवस एक अक्षरही बोलायचं नाही. कुजबुज तर मुळीच नाही, कुजबुजीनं जास्त ताण येतो. त्यानंतर बघू.

मी बोटांवर हिशेब केला. मार्चचा पहिला आठवडा होता. चौदा एप्रिलच्या जयंतीला पाच आठवडे उरले होते.

जयंतीच्या संध्याकाळी पूर्ण्यात आमच्या वस्तीत पहिलं गाणं बिनमाइकचं असतं. ही आमच्या गाण्याच्या पार्टीची रीत. बाबा रेल्वेत ट्रॅकमन होते, आणि ड्युटीनंतर पेटी, ढोलकी, झांजा घेऊन गावोगाव जायचे. काही गावांत त्यांना माइक मिळायचा नाही. काही ठिकाणी गाणं सुरू झालं की नेमकी लाइट जायची. तेव्हा त्यांनी ठरवलं की पहिलं गाणं माइकवर म्हणायचंच नाही, म्हणजे तो बंद करायची कुणाला संधीच नको. ते दिवस गेले. आता आमच्याकडे चांगले दोन माइक आहेत आणि शेजारच्या गल्लीत डीजेची गाडीही तयार उभी असते. पण पहिलं गाणं तसंच राहिलं. बाबांचा दम गेल्यापासून, म्हणजे चार वर्षांपासून, ते मी म्हणतो. पेटीच्या काळी चारमध्ये, बाबांच्याच चढ्या पट्टीत. मी गात असताना बाबा मैदानाच्या टोकाला पाण्याच्या टाकीखाली उभे राहतात. तिथपर्यंत शब्द स्वच्छ पोचले की उजवा हात वर करतात. तो हात दिसेपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नसतो.

रजा मागितली, ती मिळाली नाही. मार्चअखेर कुणालाच मिळत नाही. "बोलू नका ना, कोण बोला म्हणतंय? सह्या तर करता येतात," असं मला सांगण्यात आलं.

माझी खिडकी निराधारांच्या अनुदानाची आहे. विधवा, म्हातारी माणसं, ज्यांना कुणी नाही अशी माणसं. त्यांनी कोणते कागद आणायचे, आणलेल्यात काय कमी आहे, ते कुठं मिळेल, हे सांगणं म्हणजे माझं काम. साथीच्या काळात या खिडकीला जाड काच बसवली. खाली ताटलीएवढं भोक ठेवलं, कागद सरकवायला. साथ गेली. काच राहिली. बाहेरचा माणूस वाकून त्या भोकाशी तोंड नेतो, आणि मग कान नेता येत नाही. म्हणून मी ओरडतो. दिवसभर ओरडतो. गावाकडून आलेल्या माणसाला वाटतं, साहेब रागावलाय. आणि त्याला तसं वाटतं याचा मला खरंच राग येतो.

काच काढा म्हणून मी तीन अर्ज दिले होते. काच जडवस्तूंच्या नोंदवहीत चढलेली आहे, तेव्हा काढायची तर आधी प्रस्ताव करावा लागेल, असं उत्तर आलं. प्रस्तावही दिला. सहकारी म्हणाले, तुमच्या गाण्याच्या पार्टीचा माइक आणून बसवा की. मी नाही म्हणालो. लोकांना ऐकू जाण्याची सोय करणं कार्यालयाचं काम आहे, आणि मी पदरचा माइक आणला तर ते काम कायमचं माझं होईल. ही माझी अक्कल. तत्त्व सांभाळलं आणि घसा घालवला.

तर पंधरा दिवस मुकं राहायचं होतं, आणि खिडकीत बसायचंही होतं. मला एकच उपाय सुचला. पत्रक.

दुसरं सुचणारही नव्हतं. मी वाचायला शिकलो तो बाबांच्या पिशवीतल्या चळवळीच्या पत्रकांवर. स्वस्त कागद, बोटाला लागणारी शाई, आणि पहिल्याच ओळीत तीन उद्गारचिन्हं. शाळेत निबंध लिहिला तरी शेवटी "आपला नम्र" ऐवजी "जागे व्हा" यायचं. अशा पोरानं मुका झाल्यावर काय करावं? रविवारी बसलो आणि एकटाकी पत्रक लिहून काढलं. सोमवारी कामावर जाताना पूर्ण्याहून निघालेल्या गाडीत पिंगळी स्टेशन येईपर्यंत ते चार वेळा वाचलं. छान वाटलं.

कार्यालयातले शिपाईमामा माझ्याहून वीस वर्षांनी मोठे, निवृत्तीला आलेले. मी शिक्के मारायला लागलो की ते दारातूनच म्हणतात, "साहेब, शिक्के मारायलात का ढोलकी वाजवायलात?" त्यांना मी पत्रक दाखवलं. त्यांनी चष्मा लावून दोन्ही बाजू वाचल्या.

"लय भारी लिवलंय," ते म्हणाले. "अंगावर काटा आला. पण साहेब, कागद कोन्ते आनायचे ते कुठंय ह्यात?"

नव्हतंच. ताठ मानेनं या, हे होतं. ही भीक नाही, हक्क आहे, हे दोनदा होतं. आधार कार्डाची झेरॉक्स, बँकेचं पुस्तक, उत्पन्नाचा दाखला यांतलं काहीच नव्हतं. मी मुकाट्यानं बसून पुन्हा लिहिलं. मोठ्या अक्षरात सात ओळी. शंभर झेरॉक्स काढल्या. एक काचेवर चिकटवली, बाकी भोकाजवळ ठेवल्या.

पहिल्याच तासाला पिंगळीकडच्या एक मावशी आल्या. जुन्या ओळखीच्या. दर दोन महिन्यांनी त्यांचा काहीतरी कागद अडतो. मी पत्रक सरकवलं. त्यांनी ते उलटंसुलटं पाहिलं आणि परत माझ्याकडे सरकवलं.

"वाचून दाव की, लेकरा."

मी घशाकडे बोट केलं, मग ओठांवर ठेवलं.

"अगं बया. मुका झालास? कवापासून?" त्या मागे वळल्या आणि रांगेला म्हणाल्या, "सायबाची वाचा गेली गं." आणि आश्चर्य म्हणजे त्या माझ्याशी ओरडून बोलायला लागल्या. "दवाखान्यात! जाऊन! आलास का?" सगळी रांग ओरडून बोलायला लागली. हातवारे करायला लागली. इतकी वर्षं मी या माणसांवर ओरडत होतो, ते आज सव्याज परत मिळत होतं.

पत्रक मात्र कुणी वाचेना. ज्यांना वाचता येत होतं त्यांनीही ते घडी घालून कनवटीला लावलं आणि विचारलं, "मंग काय आनू?" दुपारी एका बाईनं त्यात भाकरीवरची चटणी बांधून घेतली. मावशींनी तर दोनदा चुकीचा कागद आणला. तिसऱ्यांदा त्या पायरीवर बसून राहिल्या. मी काचेतून त्यांची पाठ बघत होतो. पेडगावची एक शाळा शिकलेली सून रांगेत होती. शेवटी तिनंच काचेवरचं पत्रक मोठ्यानं वाचून दाखवलं, एकेक ओळ थांबून, आणि मावशी प्रत्येक ओळीला "हां" म्हणत गेल्या. तिची गाडी चुकली असणार.

घरी मी बाबांशी पाटीवर लिहून बोलत होतो. मुलीच्या शाळेची जुनी पाटी. त्या संध्याकाळी लिहिलं, "शंभर पत्रकं काढली. कुणी वाचली नाहीत."

बाबा हसले. त्यांना हसताना आता खोकला येतो. "आमी पत्रक वाटायच्या आधी गानं का म्हनायचो? तुला काय वाटलं, हौस व्हती?"

मी पाटीवर "हो" लिहिलं.

"अर्ध्या वस्तीला वाचता येत नव्हतं. गान्यात ऐकायचे, मंग पत्रक घरी न्यायचे, पोराकडून वाचून घ्यायचे. नुसतं पत्रक कोन वाचतंय?"

पिशवीतली पत्रकं मी वाचत मोठा झालो आणि गाणंही त्याच पिशवीशेजारी बसून शिकलो, पण ही दोन्ही एकाच कामाची आहेत हे मला कधी कळलं नव्हतं. नोकरीच्या अर्जात "छंद" या रकान्यात मी "संगीत" लिहिलं होतं. त्या रात्री जेवताना मला त्या शब्दाची लाज वाटली. मी पाटी पुसून ठेवली.

पंधरा दिवसांनी डॉक्टरांनी पुन्हा आरसा घातला. गाठी लहान झाल्या होत्या. "बोला. पण बोलण्याइतकंच बोला. ओरडणं संपलं, आता कायमचं."

"आणि गाणं?"

"खालच्या पट्टीत गा. नाहीतर दोन वर्षांनी ना गाणं, ना खिडकी."

मी कार्यालयात गेलो आणि शिपाईमामांना एवढंच हळू सांगितलं, "मामा, मला आता ओरडता येणार नाही." त्यांनी एकदा काचेकडे पाहिलं. महिनाअखेरीला तपासणी होती, साफसफाई सुरू होती. दुसऱ्या दिवशी मी आलो तर खिडकीला काच नव्हती.

"पुसायला काढलीय," मामा म्हणाले.

मोठ्या साहेबांनी जाताना विचारलं, काच कुठंय? "पुसायला काढली, साहेब." तपासणीच्या दिवशी त्यांनी पुन्हा विचारलं. "स्क्रू सापडंनात, साहेब. हुडकायलोय." नोंदवहीत काच तशीच होती, जागच्या जागी. भांडाराच्या खोलीत भिंतीला टेकून, अगदी स्वच्छ पुसलेली. माझे तीन अर्ज आणि एक प्रस्ताव जे करू शकले नाहीत ते मामांनी एका फडक्यानं केलं. मला आनंद व्हायला हवा होता. मला फक्त दमल्यासारखं वाटलं.

मावशी आल्या तेव्हा त्यांनी सवयीनं खाली वाकून भोक शोधलं. मग कोपर खिडकीवर टेकवलं, पदर मागे सारला आणि कान माझ्याकडे केला. मी हळू आवाजात सगळं सांगितलं, दोनदा.

"आता कसं मानसावानी बोलायलास," त्या म्हणाल्या.

राहिलं गाणं. तालमीला पेटीवर बसणाऱ्या काकांना मी खालची काळी दोन द्यायला सांगितलं. त्यांनी दिली, आणि मग बाबांकडे पाहिलं. बाबा भिंतीला टेकून बसले होते.

"काळी दोनमदी पहिलं गानं होत नसतं," बाबा म्हणाले. "टाकीपत्तोर जाईल का ते? माइक घे. नायतर दुसऱ्या कुनाला तरी दे."

"माइक घेणार नाही."

"मंग?"

"मंग काही नाही. काळी दोन."

"हट्टी हायस."

"तुमचाच आहे."

काका पेटीवर बोटं ठेवून दोघांकडे बघत राहिले. बाबा उठून बाहेर गेले. जयंतीपर्यंत त्या विषयावर आम्ही बोललो नाही. आधीची मुकी संध्याकाळ बरी होती, निदान पाटी तरी होती.

जयंतीच्या दिवशी मैदान भरलं होतं. पुढे बाया, पोरं. मागे उभी माणसं, गप्पा, मोटारसायकली, निळे झेंडे. गल्लीतून डीजेवाल्यानं एकदा दणका देऊन बघितला आणि बंद केला. काकांनी सूर धरला. मी उभा राहिलो आणि सुरुवात केली.

पहिल्या ओळीतच कळलं, जात नाही. पुढच्या चार रांगा ऐकत होत्या. त्यामागे गप्पा होत्या. सूर खरा होता, शब्द स्वच्छ होते, पण ते मैदानाच्या मध्यावर पोचून खाली बसत होते. माझ्या उजव्या हाताशी माइक होता, बटण दाबायचा अवकाश. घसा म्हणत होता, एकदा ओरड, एकदाच, काळी चारला जा. मी डोळे टाकीवर ठेवले. बाबा तिथं उभे होते. हात खाली होता.

मी आवाज वाढवला नाही. ध्रुवपद दुसऱ्यांदा घेतलं.

बाबा टाकीखालून निघाले. मला वाटलं, घरी चालले. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच पहिलं गाणं संपायच्या आधी ते जागा सोडत होते. पण ते पुढं येत होते. मागे उभ्या असलेल्यांच्या पाठीवर हात ठेवत, "म्होरं व्हा. म्होरं सरका. हितं काय ऐकू येतंय?" असं म्हणत. काही सरकले. मोटारसायकलवरचे खाली उतरले. बाया पोरांना मांडीवर घेऊन जागा करायला लागल्या. बाबा थांबायचे, मान तिरकी करून ऐकायचे, आणि पुन्हा माणसं पुढं लोटायचे. मैदान मागून रिकामं होत गेलं आणि माझ्यासमोर दाट झालं.

चौथ्या रांगेपाशी ते थांबले. गप्पा थांबल्या होत्या. बाबांनी मान तिरकी केली, बराच वेळ तशीच ठेवली. मग उजवा हात वर केला. पूर्ण नाही. खांद्यापर्यंत.

अजून दोन कडवी उरली होती. घसा जळत होता. मी पुढचं कडवं हळूच उचललं.