काकांना भुईवर घेतलं तेव्हा

हे लिहिणारा मी कोण, असं वाटून कागद दोनदा बाजूला ठेवला. घरातून कॉलेजात गेलेला पहिला, एवढीच माझी ओळख. लेखक नाही, डॉक्टर तर नाहीच. चुकलं तर वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं.

कॉलेजच्या शिबिरात आम्हाला प्रथमोपचार शिकवले होते. हृदय बंद पडलं तर माणसाला टणक जागेवर उताणं निजवायचं आणि छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी जोरात दाबत राहायचं, म्हणजे रक्त फिरतं राहतं. दिवाळीच्या सुट्टीत गावी, कडावला आल्यावर मी हे काकांना मोठ्या उत्साहाने सांगितलं. ते म्हशीची धार काढत होते.

"आदी हिच्यावर करून बग," ते म्हणाले. "लाथ बसली का कळंल कुनाचं बंद पडलं."

त्याच आठवड्यात, भर दुपारी, भात झोडताना काका खळ्यावर कोसळले. लोकांनी उचलून अंगणातल्या बाजेवर आणलं. कुणी कांदा फोडून नाकाला लावला, काकू तळपायांना राख चोळू लागली. मी नाडी पाहिली, लागेना. श्वासही नव्हता. शेजारी टेंपो आणायला धावला. मी काकांना बाजेवरून खाली घेतलं आणि दाबायला लागलो.

आमच्याकडे माणूस जायला टेकला की त्याला भुईवर घेतात. काकूने माझं मनगट धरलं.

"जित्या मानसाला भुईवर घेतलंस व्हय रं?"

सगळे माझ्याकडे बघत राहिले. टणक जागा का लागते हे मला ठाऊक होतं. एका वाक्यात सांगता आलं असतं. मी सांगितलं नाही. त्यांनी काकांना पुन्हा बाजेवर ठेवलं. तिथेही मी दाबत राहिलो, पण दर वेळी खालचा सुंभच दबत होता, छाती नव्हे.

टेंपोत मला जागा उरली नाही. संध्याकाळी काकांना परत आणलं. पोराने होईल तेवढं केलं, असं सगळे म्हणाले, आणि मी ते मानून घेतलं.

पुढे रसायनीला नोकरी लागल्यावर पेढे घेऊन काकूकडे गेलो. तिने पेढा हातात तसाच धरून ठेवला. मग म्हणाली, त्या दिवशी कर्जतच्या डॉक्टरांनी विचारलं होतं, छाती कुणी दाबली, कशावर दाबली. तिने खरं ते सांगितलं.

"ते म्हनले, भुईवरच दाबत रायला असता तर थोडी आशा व्हती. तुला सांगायला तोंड नवतं रं माजं."