एक हात अंतर

"थांबा. अजून सोंड आत नाय."

वैशाखातली सकाळ होती. सरावलीला आमच्या घरामागे घाणेरीचं कुंपण होतं, त्यासमोर आम्ही दोघं उकिडवे बसलो होतो. आमच्या हिचं कोपर कॅमेऱ्याला टेकलेलं, बोटं फुलाजवळ. निळ्या ठिपक्यांचं फुलपाखरू येऊन बसलं. ती "हां" म्हणाली, मी खटका दाबला.

"आला काय?"

"आला," मी म्हटलं. ती खुशीत चहा टाकायला गेली.

तारापूरला वीजघराचं काम चालू होतं तेव्हाची गोष्ट. मी बोईसरला फोटोच्या दुकानात रोल धुवायचो. मालकानं मला जुना डबा कॅमेरा दिला. त्यात माणसं बरी यायची, फुलपाखरू म्हणजे नुसता डाग. मी दोन इयत्ता शिकलेला, ही तेवढीही नाही. पण एकदा तिनं आपला चष्मा काढून कॅमेऱ्याच्या भिंगासमोर धरला.

"मला याच्यातून जवळचं दिसतं, त्याला का नाय दिसनार?"

मी म्हटलं, अक्कल पाजळू नको. रोल धुतला तर सात फोटो वाया. आठव्यात मात्र फुलात घातलेली सोंड दिसत होती, केसासारखी. त्या वेळी डहाळी हलू नये म्हणून तिनं ती बोटांनी धरली होती आणि कोपर कॅमेऱ्यावर होतं. तेव्हापासून चष्मा कॅमेऱ्याला बांधला आणि तिचा हात हे आमचं माप झालं. जरा पुढेमागे झालं की पुन्हा डाग. चष्मा तिला तांदूळ निवडायला लागायचा, फुलपाखरू बघायला नाही.

माझा हात लांब, चालत नसे. मी म्हटलं, एक काठी कापू.

"काठीला घाबरतात. माज्या हाताला नाय."

फुलपाखरं खरंच नव्हती घाबरत. तिच्या घामेजल्या मनगटावर बसून तिथंच सोंड टेकायची.

"बघा, खारट हाय मी."

"ते मला विचार," मी म्हणायचो.

तुम्ही फुलपाखरं बघत असाल तर तुम्हाला ठाऊक असेल, समुद्राचा वारा सुटला की घाणेरी डोलायला लागते. आम्हाला नऊपर्यंतच वेळ. शेजारीण पलीकडून म्हणायची, "काय गो, सकाळीच झुडपाला जोडीनं नमस्कार?" ही मान वळवत नसे. फुलपाखरू उडालं की मग शेजारणीचा समाचार.

परसातला कढीपत्ता आमटीत घालू द्यायची नाही. फुलपाखरांच्या अळ्यांना लागतो. "तुमी लसूण खा." दोन उन्हाळे मी लसूण खाल्ला.

घाणेरीवर येणारी बाकी सगळी आम्हाला मिळाली होती. ते निळ्या ठिपक्यांचं तेवढं दर वर्षी हुकायचं. तिला ते भिंतीवर हवं होतं.

आणि वैशाखातल्या त्या सकाळी मी तिच्याशी खोटं बोललो. तिनं "हां" म्हटल्यावर मी खटका दाबेपर्यंत ते उडालं होतं, फूल रिकामं होतं. म्हटलं, आता कशाला हिरमुसायला लावा, उद्या पुन्हा बसू.

दुपारी तिच्या छातीत कळ आली. वाणगावहून डॉक्टर येईपर्यंत ती गेली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी बायका तिला आंघोळ घालायला आल्या. मी त्यांना बाहेरच थांबवून दार लावलं. तिचा उजवा हात सरळ केला. आखडला होता, जोर लावावा लागला. कोपराशी सुतळी धरली, मधल्या बोटाच्या टोकापर्यंत नेली आणि विळीवर कापली. खिशात ठेवली. मग दार उघडलं.